सहा पाइपांचा वळसा: ट्रकच्या हाय प्रेशर पाइपची पार्श्वभूमी

सहा सिलिंडरच्या जुन्या ट्रकचं बॉनेट उघडून पाहा. डिझेल पंपाच्या माथ्यावरून सहा बारीक पोलादी पाइप निघतात आणि एकेका नोझलला, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोंडाला, जाऊन भिडतात. पंपाला लगटून असलेल्या सिलिंडरचा पाइपही सरळ जात नाही, मुद्दाम वळसा घालून जातो. सगळ्या पाइपांची लांबी सारखी राहावी म्हणून ही कसरत. पाइप बदलायची वेळ आली की गॅरेजात दोन प्रश्न हमखास निघतात: जुनाच परत लावला तर चालेल का, आणि मोठ्या बोअरचा, म्हणजे आतून जास्त रुंद पोकळीचा, टाकला तर गाडी जास्त ओढेल का? दोन्हींची उत्तरं जरा मागे जाऊन शोधावी लागतात.

रुडॉल्फ डिझेलच्या 1897 सालच्या इंजिनात असा पाइप नव्हताच. दाबाखालच्या हवेचा झोत इंधनाला सिलिंडरमध्ये फुंकून घाली. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात आणि जहाजावर ते खपून गेलं, पण ट्रकवर एवढं धूड वाहणार कोण? हवेला रजा देऊन नुसत्या डिझेललाच दाब द्यायचा, तर हजारांश मिलिमीटरच्या हिशेबात बसणारा पंप हवा. जर्मनीत 1923-24 च्या सुमारास बेंझ आणि मान (MAN) या कंपन्यांचे डिझेल ट्रक आले. रॉबर्ट बॉशने 1922 मध्ये डिझेल पंपाचं काम हाती घेतलं आणि 1927 मध्ये त्याचं घाऊक उत्पादन सुरू झालं. एका ओळीत एलिमेंट (डिझेलला दाब देणारे छोटे दट्टे), खाली कॅमशाफ्ट आणि प्रत्येक एलिमेंटमागे एक पाइप, ही मांडणी तिथून रुळली ती पुढची साठ-सत्तर वर्षं.

आपण समजतो तसं या पाइपातून डिझेल ‘वाहत’ मात्र नाही. पाइप बाहेरून साधारण 6 मिमी, आतून जेमतेम दीड-दोन मिमी. दोन मिमी बोअरच्या 60 सेंमी पाइपात सुमारे 1900 घन मिमी डिझेल मावतं. अशा जुन्या ट्रकला पूर्ण लोडवरही एका फवाऱ्याला लागतं साठ-सत्तर घन मिमी. म्हणजे पंपाने आत ढकललेला थेंब नोझलपर्यंत पोचायला तीसेक फेऱ्या जातात. लगेच पोचते ती फक्त दाबाची लाट, सेकंदाला 1300-1400 मीटर वेगाने. तिलाही 60 सेंमीसाठी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि 1500 आरपीएमवर तेवढ्यात क्रँक चार अंश फिरलेला असतो. एका पाइपाची लांबी कमीजास्त केली, की त्या सिलिंडरचं टायमिंग इतरांपेक्षा वेगळं झालं.

मोठ्या बोअरचं उत्तरही इथेच आहे. डिझेल दाबलं जात नाही, हा गैरसमज. 500 बारला (एक बार म्हणजे साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा) ते तीन-साडेतीन टक्के आकसतं, म्हणजे वरच्या पाइपात जवळपास एका फवाऱ्याइतकं. बोअर दोनाचा तीन मिमी केला की पाइपातलं डिझेल सव्वादोन पट होतं आणि पंपाचा तेवढा जास्त जोर नुसतं ते आकसवण्यात जातो. अमेरिकेत जुन्या कमिन्स इंजिनांचे पिकअप शर्यतीसाठी फुगवणारे लोक मोठ्या बोअरचे पाइप घालतात, पण जोडीला पंप, नोझल आणि टायमिंग सगळंच बदलतात. माल वाहणाऱ्या गाडीला नुसता पाइप बदलून काही मिळायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. झालाच तर धूर वाढेल.

भारतात हे तंत्र पन्नाशीच्या दशकात रुजलं. 1951 मध्ये बंगळुरूला बॉशच्या सहकार्याने डिझेल पंप बनवणारी मायको कंपनी उभी राहिली, आणि 1954 मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. पुढे मायकोचा कारखाना नाशिकलाही आला. कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, तरी सातपूरकडे जाणारा माणूस अजून ‘मायको सर्कल’च म्हणतो. गंमत म्हणजे पुण्यात 1962 मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर कमिन्सच्या पीटी पद्धतीत हे हाय प्रेशर पाइप नव्हतेच. तिथे पंप कमी दाबाने डिझेल पुरवी आणि दाब द्यायचं काम हेडमधला इंजेक्टर करी. पाइप फुटायची भानगडच मुळातून काढलेली!

सुरुवातीच्या प्रीचेंबर इंजिनांत (डिझेल आधी सिलिंडरलगतच्या छोट्या कोठडीत फवारणाऱ्या) नोझल सव्वाशे बारच्या आसपास उघडे, थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये दोनशेच्या पुढे. ट्रकच्या टायरमध्ये आठ बार असतात, यावरून अंदाज करा. शेवटच्या पिढीतल्या मोठ्या इनलाइन पंपांनी पाइपात हजार बार ओलांडले. मग डिसेंबर 1995 मध्ये जपानच्या डेन्सोने हिनोच्या ट्रकवर कॉमन रेल आणली, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना कायम दाबाखालच्या एकाच नळीतून (रेलमधून) डिझेल देणारी पद्धत. आपल्याकडे प्रदूषणाच्या नियमांनी तिला आणखी रेटलं. बीएस-4 (भारत स्टेज 4) देशभर 1 एप्रिल 2017 ला लागू झालं, बीएस-6 1 एप्रिल 2020 ला. दाब 1600, 1800, 2000 बार असा चढत गेला.

फरक फक्त आकड्याचा नाही. जुन्या पाइपात दाब क्षणभर चढून उतरे, रेलच्या पाइपात तो इंजिन चालू असेपर्यंत ठाण मांडून असतो. म्हणून असे पाइप बनवताना तोफांच्या नळ्यांची जुनी युक्ती वापरतात. कामाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब एकदा आतून देऊन आतला थर किंचित ताणून ठेवतात. दाब काढला की बाहेरचा थर त्याला कायमचा आवळून धरतो, आणि चीर पडायला सहजासहजी वाव राहत नाही. पाइपचं शंकूसारखं टोकही नट आवळताना समोरच्या बैठकीत दबून बसतं. एकदा दबलेलं टोक दुसऱ्यांदा तसंच बसेल याची खात्री नसते, म्हणून बऱ्याच कंपन्या सांगतात की उघडलेला पाइप फेकून नवा लावा.

नेमकी इथे जुनी सवय आडवी येते. गाडीने हवा धरली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली, की मिस्त्री प्रायमर (हातपंप) मारायचा, नोझलकडचा नट सतराच्या पान्याने अर्धा फेरा सैल करायचा, क्लीनरला ओरडायचा, “मार सेल!” आधी फेस, मग फुसफुस, मग सलग डिझेल आलं की नट आवळायचा, पुढचा पाइप. कितीतरी गाड्या अशाच घाटातून बाहेर पडल्या. कॉमन रेलच्या गाडीवर हेच केलं तर डिझेलची सुईसारखी धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट किंवा हात जायची वेळ येऊ शकते. अशा वेळी मलमपट्टी करत न बसता थेट सर्जन गाठायचा.

गळती शोधायला हात फिरवायचा नाही, लांबून पुठ्ठा धरायचा. इंजिन बंद केल्यावर रेलमधला दाब उतरायला मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबायचं, मगच पाना लावायचा. पाइप जुन्या गाडीचा असो की नव्या, काढलेला रबरी क्लॅम्प परत जागेवर बसवायचा. तो नसला की पाइप इंजिनाबरोबर थरथरत राहतो आणि बहुधा नटाच्या मुळाशीच तुटतो. मग पाइप खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण.