ग्रेड चार ते सॅम-मॅम: अंगणवाडीतल्या मुलांची वर्गवारी कशी बदलत गेली

कुपोषणाची बातमी आली की हल्ली सॅम (तीव्र कुपोषित) किती आणि मॅम (मध्यम कुपोषित) किती एवढंच बघतात लोक. पण ही विभागणी काही फार जुनी नाही, त्याआधी तीसेक वर्षं सगळा कारभार ग्रेडवर चालायचा, आणि तेव्हाचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवून कोणी तुलना केली की सगळाच घोळ होतो.

वजनावरून मुलांच्या पायऱ्या पाडायची पद्धत १९५६ च्या सुमाराला मेक्सिकोतल्या कामातून रुळली. आपल्याकडे १९७२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपली वर्गवारी काढली: वयाला अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांवर असेल तर ठीक, ७१ ते ८० पहिली ग्रेड, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी, आणि ५० किंवा त्याखाली चौथी. अपेक्षित वजन कुणाचं, तर अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मुलांचं! १९७५ च्या २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांत अंगणवाड्या सुरू झाल्या, आपल्याकडे धारणी आणि धारावी, आणि पुढे अंगणवाडीच्या कार्डावर हेच आलं, मुलगा-मुलगी दोघांना एकच कार्ड. तिसऱ्या-चौथ्या ग्रेडला दुप्पट आहार, म्हणजे ग्रेडवर पोराच्या ताटात काय पडणार ते ठरायचं. ९० च्या दशकात वावर-वांगणी आणि मेळघाटचे बालमृत्यू गाजले तेव्हा कुपोषण म्हणजे ग्रेड तीन-चार हे समीकरण पक्कं झालं.

मग २००६ साली नवे जागतिक तक्ते आले. हे सहा देशांतल्या, त्यात दक्षिण दिल्लीसुद्धा, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या आणि आईचं दूध मिळालेल्या मुलांवरून केलेले, मुलगे आणि मुली वेगळे. २००८ नंतर अंगणवाड्यांत तेच लागू होत गेले. चार ग्रेड गेल्या, हिरवा-पिवळा-केशरी आलं: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मध्यम कमी वजन, केशरी म्हणजे तीव्र कमी वजन. कागदावर साधा बदल वाटतो, पण याच निर्णयाने सगळं उलटंपालटं केलं.

दोन वर्षांचा ८.२ किलोचा मुलगा घ्या. बॉस्टनच्या हिशोबाने त्याचं वजन साडेबारा किलोच्या आसपास हवं, म्हणजे हा ६५ टक्क्यांवर, दुसरी ग्रेड, दुप्पट आहार नाही. नव्या तक्त्यात तीव्रची रेघ ८.६ किलोवर, म्हणजे तोच मुलगा रातोरात तीव्र कमी वजनाचा. आता ९.८ किलोचा घ्या, जुन्यात पहिली ग्रेड, नव्यात चक्क हिरवा, कारण तिथली कमी वजनाची रेघ ९.७ ला. म्हणजे तीव्र मुलं वाढली आणि एकूण कमी वजनाची घटली, दोन्ही एकदमच, आणि ज्याला जो आकडा सोयीचा त्याने तो दाखवला. माझ्या मते बदल बरोबरच होता, बॉस्टनच्या बाटलीवर वाढलेल्या पोरांशी आपली मुलं किती दिवस तोलणार, पण वर्षभर तरी दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी छापायला काय हरकत होती? २००९ साली आहाराचे निकषही बदलले, सगळ्यांना ५०० कॅलरी आणि तीव्र कमी वजनाच्यांना ८००, त्यामुळे ही रेघ कुठे पडते त्यावर पैसाही अवलंबून.

त्यातच सॅम. हे वयानुसार वजन नाही, उंचीच्या मानाने वजन फारच कमी किंवा दंडघेर (दंडाचा घेर) ११.५ सेंटीमीटरच्या आत. बुटकं राहिलेलं मूल वयाच्या मानाने तीव्र कमी वजनाचं असलं तरी उंचीला वजन जुळत असेल तर सॅममध्ये येत नाही. आणि दंडघेराच्या पट्टीत सापडणारी मुलं आणि काट्यावर सापडणारी मुलंही बऱ्याचदा वेगवेगळी. ग्राम बाल विकास केंद्रात, नाहीतर पोषण पुनर्वसन केंद्रात कुणाला घालायचं हे सॅमवर ठरतं. जीव वाचवायला ते योग्यच, पण मग केशरीतली बाकीची पोरं चर्चेतूनच बाद होतात.

या वजनाच्या धबडग्यात मूल बसतं कधी, बोलतं कधी, हे मागे पडलं. विकासाच्या चाचण्या आपल्याकडे होत्या, बडोद्यातल्या मुलांवर बेतलेली प्रसिद्ध चाचणी पुढे पुण्यात सुधारली गेली, पण त्या दवाखान्यापुरत्या. अंगणवाडीपर्यंत हे पोचलं २०१३ साली, पालघरला सुरू झालेल्या बाल आरोग्य तपासणीतून: जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, मिळून तीसेक गोष्टी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा.

२०२१ पासून वजन-उंची सेविकांनी पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपमध्ये भरायची, श्रेणी ॲपच ठरवतं. ॲप इंग्रजीत आणि फोन जुनाट म्हणून त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी मोबाईल परत केले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाचच्या आतली २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली, ॲपवरचा आकडा त्याहून खूपच कमी. तक्ते दोन्हीकडे तेच. फक्त पाहणीवाले नमुना काढून घरोघरी जाऊन मोजतात, आणि ॲपमध्ये अंगणवाडीत नाव असलेली आणि त्या महिन्यात मोजलेलीच मुलं येतात.