आभासी वास्तव कथामहोत्सव

आभासी किंवा संवर्धित वास्तवाच्या तंत्राने रचलेल्या कथाकृती दाखवणारा महोत्सव. आभासी प्रकारात प्रेक्षक हेडसेट (डोळ्यांवर बांधायचे, आत पडदा व भिंगे असलेले यंत्र) घालून कथेच्या जागेतच वावरतो. संवर्धित प्रकारात भोवतालचे खरे दृश्य तसेच राहते आणि फोनच्या पडद्यावर पात्रे त्यात मिसळतात.

आरंभ कोठून धरायचा याविषयी मतभेद आहेत. मॉर्टन हाइलिग यांच्या ‘सेन्सोरामा’ (एकस्व म्हणजे पेटंट १९६२) या एकट्याने बसून पाहायच्या यंत्रापर्यंत काही जण ही परंपरा मागे नेतात, तर काही आयव्हन सदरलंड यांच्या शिरोधारी पडद्यापर्यंत (१९६८). ही दोन्ही उपकरणाची पूर्वपीठिका होय, महोत्सवाची नव्हे. २००७ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवाचा ‘न्यू फ्रंटियर’ विभाग आणि ॲमस्टरडॅमच्या इड्फा या माहितीपट महोत्सवातील ‘डॉकलॅब’ सुरू झाले. पण त्या वेळचा भर मांडणशिल्पे व आंतरजालावरील माहितीपट यांवर होता. त्यामुळे २०१२ च्या सनडान्समधील पत्रकार नॉनी दे ला पेन्या यांची ‘हंगर इन लॉस अँजेलिस’ ही कृती आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अन्नवाटपाच्या रांगेत मधुमेही माणूस कोसळतो, हा प्रसंग तीत प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावर उभा केला असून प्रेक्षक त्या रांगेशेजारी चालू शकतो. केवळ आभासी वास्तवाला वाहिलेला ‘कॅलिडोस्कोप’ हा फिरता महोत्सव २०१५ मध्ये अमेरिकेत निघाला. व्हेनिस चित्रपट महोत्सवाने २०१७ मध्ये आभासी वास्तवाची स्वतंत्र स्पर्धा सुरू केली. त्याच वर्षी कान चित्रपट महोत्सवात मेक्सिकन दिग्दर्शक इन्यारितू यांची ‘कार्ने इ आरेना’ दाखवली गेली. तिच्यात एका वेळी एकच प्रेक्षक अनवाणी वाळूवर उतरतो. २०२० च्या साथीत व्हेनिसचा हा विभाग आंतरजालावर गेला.

एका हेडसेटला एक प्रेक्षक, ही या महोत्सवाची मूळ अडचण. दहा मिनिटांची कृती आणि घालणे-काढणे-पुसणे यांना पाच मिनिटे धरली, तर तासाला चौघे पाहतात. दहा हेडसेटवर पाच तासांत दोनशे.

विदर्भाच्या ग्रामीण भागात असे दालन लावायचे तर झाडीपट्टीतील मंडईचा (गावजत्रेचा) हंगाम सोयीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत धान निघाल्यावर दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभर नाटक पाहणारा प्रेक्षक आधीच जमलेला असतो. उन्हाळा टाळावा. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि तापलेले यंत्र आपोआप बंद पडते. हिवाळ्यातही हेडसेट उघड्यावर ठेवू नये. भिंगातून आत गेलेले ऊन काही क्षणांत पडदा जाळते आणि तो डाग जात नाही.

हेडसेट आपली जागा कॅमेऱ्यांनी भोवतालच्या खुणा पाहून ठरवतो. कोऱ्या पांढऱ्या कनातीत त्याला खुणा सापडत नाहीत. एकसारख्या पट्ट्यांच्या मंडपात तो फसतो आणि कथा डोळ्यांसमोर सरकू लागते. हलता कापडी पडदाही हाच घोळ करतो. ताणून बांधलेल्या कनातीवर वेगवेगळी चित्रे टांगावीत आणि उजेड स्थिर ठेवावा. चालावे लागणाऱ्या कृतीला किमान दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा हवी, फिरत्या खुर्चीवरच्या कृतीला त्याहून कमी.

हिवाळ्याच्या गारठ्यात थंड भिंगावर श्वासाची वाफ धरते. यंत्र पाच मिनिटे आधी चालू ठेवल्यास ते ऊबदार होते. भिंग कोरड्या मऊ कापडानेच पुसावे. स्पिरिट फक्त चेहऱ्याला लागणाऱ्या सिलिकॉनच्या गादीला, भिंगावर गेल्यास लेप उतरतो. दोन्ही भिंगांतील अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे जुळवावे (प्रौढांत सरासरी सुमारे ६३ मिमी.). ते चुकले की दृश्य धूसर दिसते, डोळे दुखतात. मळमळ मात्र बहुधा प्रेक्षक स्थिर बसलेला असताना दृश्य धावल्याने होते, म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याला बैलगाडीच्या शर्यतीसारखी धावती कृती देऊ नये.

नेटवर्कवर विसंबणे धोक्याचे. सेकंदाला ५० मेगाबिटचा दहा मिनिटांचा वर्तुळदर्शी (चहूबाजूंनी दिसणारा) चित्रपट सुमारे पावणेचार जीबी भरतो. तो आधीच उतरवून ठेवावा. बॅटरी साधारण दोन तास टिकते, त्यामुळे निम्मे हेडसेट चार्जिंगला लावण्याचा क्रम आखावा लागतो. अक्षरे वाचण्यापेक्षा झाडीबोलीतील निवेदन कामी येते, कारण प्रेक्षक मान वळवतो आणि उपशीर्षक मागे राहते.

संवर्धित वास्तवाची खूणचित्रे (ज्यांवर फोन रोखला की पात्रे उमटतात) चकचकीत फ्लेक्सवर छापू नयेत. बल्बची चमक पडली की फोन खूण हरवतो. साध्या, न चमकणाऱ्या कागदावर ती टिपली जाते.