अक्षरांआधीचा प्रश्न: ठाणे जिल्ह्यातल्या लोकशिक्षणाची पार्श्वभूमी

शिक्षणातून समाज जागा करण्याचा विषय निघाला की ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांचं नाव हमखास येतं. 1963 साली आंगिकोस इथे त्यांनी सुमारे 300 कष्टकऱ्यांना 40 तासांत लिहायला-वाचायला शिकवलं. तिथे निरक्षरांना मताधिकार नव्हता, त्यामुळे सही करता आली की मतही देता येणार होतं. वर्षभरात लष्कराने सत्ता बळकावली आणि फ्रेरी आधी तुरुंगात, मग देशाबाहेर गेले.

आपल्याकडचा धागा याहून जुना आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या 14 वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आणि ठाणे जिल्ह्यात तर लोकांनी शाळेची वाटही पाहिली नाही.

तेव्हा पालघर, डहाणू, उंबरगाव हे सगळं ठाण्यातच होतं. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडत नवराबायकोने त्याच्याकडे जन्मभर राबायचं, म्हणजे ‘लग्नगडी’ व्हायचं, ही तिथली रीत. हिशेब मालकाच्या वहीत, त्याखाली वारली आदिवासीचा अंगठा. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, मे महिन्यात झरीला परिषद झाली, आणि वेठ करायची नाही असं ठरलं. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी याआधी साक्षरता मोहीम चालवली होती. पाड्यांवर मात्र त्यांनी पाटी-पेन्सिलीपासून नाही, वेठीच्या प्रश्नापासून सुरुवात केली. माझ्या मते या जिल्ह्याचं वेगळेपण इथेच आहे.

त्याच वर्षी बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात गेली.

वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा. तरी भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं ‘उचल’ म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेऊन जातच राहिली. भट्टीवरच्या त्यांच्या झोपड्यांना भोंगा म्हणतात. ‘विधायक संसद’ या संस्थेने मुलांसाठी तिथेच भोंगाशाळा काढल्या. (गंमत म्हणजे फ्रेरींच्या पाठांतला एक गाजलेला शब्द ‘वीट’च होता.)

आताच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात आर्थिक आणि कायदेविषयक साक्षरताही धरली आहे. परीक्षा मात्र 150 गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान. उचलीचा हिशेब मुकादमाला विचारता येतो का, याला त्यात गुण नाहीत.