गाडीत गाणं वाजतं, मग फोन का बोलत नाही?

माझ्या मामांचं कुळागर फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याला. माड, पोफळी, मिरी, कडेकडेने केळी. आठवड्यातून दोन-तीनदा नारळ घेऊन ते पणजीला नाहीतर मडगावला जातात आणि गिऱ्हाइकांचे फोन नेमके ते स्टिअरिंगवर असताना येतात. गेल्या पावसाळ्याआधी त्यांनी वापरलेली एक गाडी घेतली. फोन मात्र जुनाच, मुलाने आखातातून पाठवलेला, आठ-नऊ वर्षांचा.

एका रविवारी मी गेलो तेव्हा म्हणाले, “बघ रे जरा. गाणी झकास वाजतात, पण फोन आला की गाडी गप्प. आवाज खिशातूनच येतो.” दुकानात दाखवलं तेव्हा त्यांना एका वाक्यात उत्तर मिळालं होतं: फोन जुना झाला, नवा घ्या. हे उत्तर मला पटत नाही. चालणारा फोन टाकून देण्याआधी त्याचं नेमकं काय अडलंय ते पाहायला हवं, आणि ते पाहणं अवघड नसतं.

आपण ‘ब्लूटूथ जोडलं’ म्हणतो तेव्हा एकच काहीतरी जोडलं गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात जोडला जातो तो फक्त रस्ता. १९९४ साली स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत वायरीला पर्याय म्हणून या तंत्राचं काम सुरू झालं. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींत १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ७९ वाटा आहेत आणि फोन व गाडी सेकंदाला १६०० वेळा एका वाटेवरून दुसरीवर उडी मारत बोलतात. दोघांच्या उड्या एकाच तालात आणि प्रत्येक जोडीचा ताल वेगळा, म्हणून शेजारच्या गाडीतल्या जोडीचा यांना सहसा त्रास होत नाही. हा पाया इतक्या वर्षांत बदललेला नाही. त्यामुळे फोन नऊ वर्षांचा असला तरी गाडीचा रेडिओ त्याला ओळखतो.

या रस्त्यावरून काय न्यायचं ते ठरवणाऱ्या नियमांना ‘प्रोफाइल’ म्हणतात. गाण्यांची प्रोफाइल वेगळी, गाणं पुढे-मागे करणाऱ्या बटणांची वेगळी, फोनबुक गाडीच्या पडद्यावर आणणारी वेगळी आणि हँड्सफ्री कॉलची आणखी वेगळी. एक चालली म्हणून दुसरी चालेलच असं नाही. मामांच्या फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं चक्र दाबलं, तर ‘मीडिया’समोर खूण होती आणि ‘फोन कॉल’समोर नव्हती. कुणाच्या बोटाने ती गेली हे कळायला मार्ग नव्हता. खूण केली, मी माझ्या फोनवरून रिंग दिली आणि गाडीचे चारही स्पीकर वाजले. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अर्धी कहाणी इथे संपते. पण स्टिअरिंगवरचं हिरवं बटण दाबल्यावर आत जे घडतं, ते मला फार आवडतं.

जोडणी झाल्याबरोबर गाडी फोनला एक आकडा पाठवते. त्या आकड्यातला एकेक बिट, म्हणजे ० किंवा १ ची एकेक जागा, हे एकेक कौशल्य: मला नंबर दाखवता येतो, मला दोन कॉल सांभाळता येतात, मला प्रतिध्वनी घालवता येतो. फोनही आपला आकडा पाठवतो. मग गाडी विचारते, तू मला कशाकशाची खबर देशील? फोन सांगतो: नेटवर्क आहे की नाही, कॉल चालू आहे का, सिग्नल किती, रोमिंग आहे का, बॅटरी किती. सिग्नल आणि बॅटरी दोन्ही ० ते ५ एवढ्याच मापात. फोनवर टक्के दिसत असताना गाडीच्या पडद्यावर नुसते दांडे का दिसतात, त्याचं कारण हे.

कॉल आला की फोन ‘रिंग’ असा शब्द पाठवतो. मामांनी हिरवं बटण दाबलं की गाडी उलट तीन अक्षरं पाठवते: एटीए. ‘एटी’ म्हणजे अटेन्शन, इकडे लक्ष दे. शेवटचा ‘ए’ म्हणजे उचल. ही भाषा ब्लूटूथची नाहीच. १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीने संगणकाची माहिती टेलिफोनच्या तारेवरून नेणारा मोडेम काढला, त्याला हुकूम देण्यासाठी ती घडवली. ते मोडेम केव्हाच अडगळीत गेले. त्यांची भाषा मात्र सावईवेऱ्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीत आजही बोलली जाते.

या आकड्यांच्या देवघेवीत एक समंजस नियम आहे: दोघांना येतं तेवढंच वापरायचं. नव्या गाडीला दहा गोष्टी येत असतील आणि जुन्या फोनला सहा, तर कारभार त्या सहांवर चालतो. म्हणून ‘फोन जुना आहे’ हे कॉल न लागण्याचं कारण सहसा नसतं. अडतं ते बहुधा सेटिंगमध्ये, नाहीतर ओळखीच्या किल्लीत. पहिल्यांदा पेअर करताना दोघांकडे १२८ बिटांची एक समान किल्ली साठवली जाते. २००७ साली आलेल्या ब्लूटूथ २.१ नंतर आपण पडद्यावरचे सहा आकडे ताडून पाहतो. त्याआधीच्या गाड्या ० चार वेळा किंवा १२३४ असा आकडा मागतात. पुढे फोन रीसेट झाला तर त्याची किल्ली पुसली जाते, गाडीची तशीच राहते, आणि दोघं एकमेकांना दारात उभं करून ठेवतात. यावर खात्रीचा उपाय एकच. फोनमधून गाडीचं नाव काढायचं, गाडीतून फोनचं नाव काढायचं, दोन्ही बंद करून चालू करायचे आणि नव्याने पेअर करायचं. एकाच बाजूने पुसलं तर अडचण बरेचदा तशीच राहते. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाच्या घरातले पाच-सहा फोन यादीत बसलेले असतात, तेही काढून टाकावेत. जागा ठरावीक असते.

हे सगळं आम्ही गाडी अंगणात उभी करून केलं आणि तसंच करावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली चालवताना फोन हातात धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्याच गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. हँड्सफ्रीने हात मोकळे होतात, पण बोलण्यात गुंतलेलं मन गुंतलेलंच राहतं. मामांना मी बजावलं, सौदा लांबत असेल तर गाडी कडेला घ्यायची.

मग मामीला घरात बसवून गाडीतल्या मामांना फोन लावायला सांगितलं. खिडकीतून तिचा आवाज आला, “माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय रे!” प्रतिध्वनीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो ज्याला ऐकू येतो, त्याच्याकडे दोष नसतो. दोष असतो पलीकडे. मामीचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून बाहेर पडत होता, काचांवर आपटून मायक्रोफोनमध्ये शिरत होता आणि तिच्याकडे परत जात होता. हे रोखण्यासाठी गाडीत एक गणित सतत चालू असतं. स्पीकरला कोणता आवाज पाठवला हे गाडीला माहीत असतं. तो काचांवरून फिरून मायक्रोफोनमध्ये कसा येईल याचा अंदाज बांधून ती तेवढा भाग वजा करते. पण आवाज फार मोठा ठेवला की स्पीकर फाटका आवाज काढतो. तो फाटलेपणा त्या अंदाजात नसतो आणि वजाबाकी चुकते. मामांनी आवाज पार टोकाला नेऊन ठेवला होता. निम्म्यावर आणला, मामीचा प्रतिध्वनी गेला.

तरीही मामांचे शब्द तिला मध्ये मध्ये कापल्यासारखे ऐकू येत होते. याची दोन कारणं असू शकतात. फोनमध्येही प्रतिध्वनी घालवणारं गणित असतं. हे काम गाडी करणार असेल तर ती फोनला हुकूम पाठवते: तुझं बंद ठेव. जुने फोन कधी कधी हा हुकूम मानत नाहीत. मग एकाच आवाजावर दोनदा कात्री चालते आणि बोलणाऱ्याची अक्षरंच गळतात. यावर आपल्या हातात फार नसतं. गाडीत प्रतिध्वनीचं किंवा मायक्रोफोनचं सेटिंग असेल तर बदलून पाहावं. दुसरं कारण साधं होतं. छतावरच्या दिव्याजवळ मायक्रोफोनची बारीक भोकं असतात, त्यांवर आधीच्या मालकाने स्टिकर डकवलं होतं आणि एसीचा झोत नेमका तिकडे वळवलेला होता. स्टिकर काढलं, झोत खाली केला. बराच फरक पडला. आपल्याकडे पावसात काचा धुरकटतात म्हणून पंखा जोरात ठेवावा लागतो. फोन आल्यावर तेवढ्यापुरता तो एक घर खाली आणला की पलीकडच्याला ऐकू येतं.

मामांचा एक प्रश्न राहिला होता. गाणं इतकं स्वच्छ आणि बोलणं इतकं कोंदट का? गाणं एकाच दिशेने जातं आणि त्याला घाई नसते. गाडी थोडं गाणं आधीच साठवून ठेवते. एखादा तुकडा हरवला तर फोन तो परत पाठवतो, आपल्याला कळतही नाही. बोलण्यात ती उसंत नाही. अर्धा सेकंद उशीर झाला तरी दोघं एकमेकांच्या बोलण्यात शिरतात. म्हणून आवाजासाठी सेकंदाला ६४,००० बिटांची वेगळी, बांधील वाट असते. जुनी पद्धत त्या वाटेवरून फक्त एवढंच सांगत जाते: लहर आता वर गेली, आता खाली आली. त्यात ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४,००० कंपनांच्या, वरचा आवाज येतच नाही. २०११ साली हँड्सफ्रीच्या १.६ आवृत्तीत याच्या दुप्पट पल्ला आला, पण तो फोन आणि गाडी दोघांना येत असेल तरच, आणि मोबाईल नेटवर्कही तसा आवाज देत असेल तर.

४,००० हर्ट्झच्या वर आहे तरी काय? आपला ‘स’. त्याच्या शिट्टीसारख्या आवाजाचा मोठा भाग तिथेच असतो. तो कापला गेला, वर टायरचा आवाज मिसळला, की ‘साठ’चा ‘आठ’ होतो. मामांच्या धंद्यात साठ नारळ आणि आठ नारळ यांत केवढा फरक! हे त्यांच्यासोबत दोनदा घडलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांना वाटलं, आपलेच कान गेले. कान ठीक आहेत हे मी सांगितलं तेव्हा ते काही क्षण बोललेच नाहीत.

आवाज अधूनमधून तुटत असेल तर ब्लूटूथवर ठपका ठेवण्याआधी जागा पाहावी. अनमोड किंवा चोर्ल्याच्या घाटात तुटतो तो मोबाईलचा सिग्नल. रस्त्याकडेला थांबून तोच कॉल फोन कानाला लावून ऐकला की लगेच उलगडतं. फोन मागच्या खिशात ठेवू नये. अंगातलं पाणी या लहरी शोषून घेतं.

यानंतर नावांकडे वळलो. गाडीच्या पडद्यावर फोनबुकातली बरीच नावं चौकोनांच्या रांगा झाली होती. फोन प्रत्येक नावाची एक छोटी चिठ्ठी करून गाडीकडे पाठवतो. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांत (बाइट म्हणजे आठ बिटांचा गट) साठवली जाते आणि चिठ्ठीच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘मामी’ या शब्दात म, काना, म, वेलांटी अशा चार खुणा. म्हणजे ३६ चिन्हं. गाडीला ती उलगडता आली नाहीत तर पडद्यावर बरोबरच्या (=) खुणा, रोमन अक्षरं आणि आकडे यांचा सडा पडतो. उलगडता आली पण गाडीत देवनागरी अक्षरंच भरलेली नसली तर चौकोन दिसतात. अक्षरं आहेत पण जुळवायची अक्कल नाही, अशाही गाड्या आहेत; त्यांत ‘विनय’मधली पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते. इथे दोष फोनचा नाही, गाडीचा आहे, आणि मला तो मनाला लागतो. ज्या देशात गाडी विकायची, तिथल्या माणसांची नावं तिला वाचता आली पाहिजेत. तूर्त नेहमीच्या दहा-बारा गिऱ्हाइकांची नावं आम्ही रोमन लिपीत केली. मामीचं नाव बदलायला मामांनी नकार दिला. चार चौकोन दिसले की ती मामी, असं त्यांनी ठरवलं. काही गाड्यांत यादी पूर्ण रिकामी दिसते. तिथे फोनमध्ये संपर्क देण्याची परवानगी राहून गेलेली असते, तीही त्याच चक्रातून मिळते.

आखातातून मुलगा व्हॉट्सॲपवर फोन करतो, तो मात्र गाडीत येत नाही. हा कॉल मोबाईल नेटवर्कचा नाही, ॲपचा आहे. फोनच्या मूळ यंत्रणेला त्याची खबर लागली तरच ती गाडीला ‘रिंग’ पाठवणार. ॲपना ही सोय आयफोनवर २०१६ साली आयओएस १० मध्ये आणि अँड्रॉइडवर २०१७ साली आठव्या आवृत्तीत मिळाली. मामांचा फोन त्याआधीचा. म्हणून मुलाला सांगितलं, दुपारी बाबा घरी असतात तेव्हाच लाव.

पुढच्या रविवारी मी मामांबरोबर मडगावला निघालो. बोरी पुलाच्या अलीकडे गिऱ्हाइकाचा फोन आला, गाडी चांगली वाजली. मामांनी गाडी कडेला घेतली, हिरवं बटण दाबलं, पलीकडून आकडा आला. “सहावर शून्य म्हण, नुसतं साठ म्हणू नको,” मामा म्हणाले. पलीकडचा माणूस बहुधा सरावलेला होता. त्याने लगेच सांगितलं, आठावर काही नाही, आठच.