पंच केलेल्या आठ खुणा

१९७० सालच्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ चं बॉनेट उघडा. गाडीच्या उजव्या बाजूला, अल्टरनेटरच्या मागे, सिलिंडर हेडला खेटून ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावर, बोटभर सपाट जागा असते. काळा ग्रीस पुसून टॉर्च मारला की 'टी०११२सीआरव्ही' असं काहीतरी वाचता येतं. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०११२ म्हणजे १२ जानेवारीची जुळणी आणि सीआरव्ही म्हणजे ४५० अश्वशक्तीचं एलएस-६ नावाचं इंजिन, तेही हाताने गिअर टाकायच्या गाडीसाठी.

आज या आठ खुणांवर गाडीचा भाव हलतो. पंच मारला तेव्हा मात्र हेतू अगदी साधा होता. बाहेरून सारखीच दिसणारी इंजिनं, त्यातलं कुठलं कुठल्या गाडीत बसवायचं एवढं लाइनवरच्या कामगाराला कळावं. १९६८ च्या मॉडेलपासून गाडीच्या चॅसी नंबराचा काही भागही इंजिनावर यायला लागला, आणि इंजिन मूळचं की नाही हे ताडून पाहण्याची सोय झाली.

पण तेव्हा ते पाहणार कोण? १९६४ मध्ये शेव्हरोलेसारख्याच जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं मोठं इंजिन घालून जीटीओ काढली आणि अश्वशक्तीची शर्यत पेटली. गाड्या घेणारी पोरं त्या ठोकत होती. इंजिन निकामी झालं की भंगारातून दुसरं आणायचं, नाहीतर वॉरंटीत नवा ब्लॉक घ्यायचा. जनरल मोटर्सच्या अशा बदली ब्लॉकवर 'सीई' असा पंच असे. आपल्यासारखं आरसी बुकात इंजिन नंबर चढवायचं लफडं तिकडे सहसा नसल्याने कागदावर माग राहत नसे.

मग विम्याचे हप्ते वाढले, १९७१ मध्ये जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरवलं, १९७३ मध्ये तेलसंकट आलं. पेट्रोल पिणारी आठ सिलिंडरची व्ही-८ इंजिनं सगळ्यांना नकोशी झाली. पुढे तीच पोरं पैसेवाली झाली, तरुणपणची गाडी शोधू लागली, आणि 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे गाडीशी नंबर जुळणारं मूळ इंजिन, हा शब्द बाजारात चालू लागला.

जिथे भाव तिथे नक्कल. ब्लॉकला फेसिंग केलं, म्हणजे वरचा पृष्ठभाग कापून सपाट केला, की पंच उडतो आणि नवा मारता येतो. म्हणून जाणकार अक्षरांआधी त्यांच्याखालच्या, कारखान्यातल्या कापणीच्या बारीक समांतर रेघा बघतात. ब्लॉक ओततानाच त्यावर उमटणाऱ्या नुसत्या ओतीव नंबरावर विसंबणं तर भाबडेपणाच. ३९७००१० हा नंबर १९६९ च्या कॅमॅरो झेड-२८ च्या ३०२ घनइंची इंजिनावर सापडतो, तसाच साध्या ३५० वरही. ओतकामाची तारीख जास्त बोलकी: 'एल१८९' म्हणजे १८ डिसेंबर १९६९. वरच्या १२ जानेवारीशी ती जुळते. तिच्या जागी फेब्रुवारी १९७० ची 'बी' असती, तर ब्लॉक ओतण्याआधीच इंजिन जोडलं असं मानावं लागेल.

पॉन्टिअॅकवाल्यांचं बरंय, त्यांच्या मूळ नोंदी टिकल्या आणि पैसे भरून मागवताही येतात. शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांच्या तशा नोंदीच नाहीत. त्यामुळे वॉरंटीत प्रामाणिकपणे बदललेला 'सीई' ब्लॉक असलेली शेव्हेल आज कमी भावात जाते, आणि मालक जुन्या डीलरची पिवळी पडलेली पावती शोधत बसतो.