खासगी विमानाने सीमा ओलांडताना: फ्लाइट प्लॅन, पात्रता आणि कागदपत्रे

देशांतर्गत उड्डाणात, हवामान स्वच्छ असेल तर छोटं विमान अनेक देशांत फ्लाइट प्लॅन, म्हणजे मार्ग, वेळ वगैरे उड्डाणाची माहिती हवाई वाहतूक यंत्रणेला आधी कळवणारा फॉर्म, न भरता नेता येतं. सीमा ओलांडायची असेल तर मात्र संबंधित देशांनी सूट दिलेली नसल्यास तो भरावाच लागतो. इकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलं आहे.

वैमानिकाचा परवाना विमानाची नोंदणी ज्या देशात आहे त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य धरलेला हवा. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत तपासा. रेडिओवर बोलण्याच्या भाषेत इकाओच्या मोजपट्टीवर किमान चौथी पातळी लागते. विमानात नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, रेडिओ परवाना, जर्नी लॉगबुक (विमानाच्या प्रवासांची नोंदवही) आणि प्रवासी असतील तर त्यांची यादी ठेवा. १९४४ च्या शिकागो करारातच ही कागदपत्रं सांगितली आहेत.

आता प्रत्यक्ष फॉर्म. हवाई वाहतूक नियंत्रणाची सेवा हवी असेल तर तो निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी द्यायचा. वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत. स्थानिक वेळ लिहिण्याची चूक फार होते. रकाना १५ मध्ये वेग, उंची आणि मार्ग येतो, १६ मध्ये गंतव्य, लागणारा एकूण वेळ आणि पर्यायी विमानतळ.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रकाना १९ ची. इंधन किती वेळ पुरेल, विमानात किती माणसं, लाइफ जॅकेट, तराफा, विमानाचा रंग, हे सगळं तिथे लिहायचं. ही माहिती एरवी पुढे पाठवली जात नाही. विमान बेपत्ता झालं की शोधपथक तीच मागतं. पाण्यावर शोधणाऱ्याला ‘पांढरं, निळे पट्टे’ एवढ्या शब्दांचाही आधार होतो. तिथे अंदाजपंचे काही लिहू नका.

फ्लाइट प्लॅन स्वीकारला म्हणजे देशात शिरण्याची परवानगी मिळाली, असं नाही. कस्टम्स आणि इमिग्रेशनला वेगळं कळवावं लागतं आणि पहिलं उतरणं कस्टम्सची सोय असलेल्या विमानतळावरच करावं लागतं. आगाऊ सूचनेची मुदत देशागणिक बदलते.

नियंत्रित (हवाई वाहतूक नियंत्रणाखालच्या) उड्डाणाला ३० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर प्लॅन सुधारा किंवा रद्द करून नवा भरा. नियंत्रण कक्ष नसलेल्या ठिकाणी उतरल्यावर पोहोचल्याची खबर स्वतःच द्यायची असते. इंजिन बंद केलं की आधी तो फोन करा, सामान नंतर काढा. खबर आली नाही तर तुमचा शोध सुरू होतो.