एका ‘टक्’चे खरे माप

रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीच्या माथ्यावरची चकती फिरवली की प्रत्येक पायरीला बोटांना ‘टक्’ असा बारीक धक्का जाणवतो. या एका क्लिकने नेम ०.१ मिलिरेडियन (मिलिरेडियन हे कोन मोजण्याचे एकक), म्हणजे १०० मीटर अंतरावर १ सेंटिमीटर सरकेल, असे अनेक चकत्यांवर छापलेले असते. हे छापलेले माप कितपत खरे आहे, हा प्रश्न वजन कमी ठेवण्यासाठी बांधलेल्या दुर्बिणींबाबत विशेष महत्त्वाचा ठरतो. त्याचे बरेचसे उत्तर बंदुकीला हात न लावता मिळू शकते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मापनाची उपकरणे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि मायक्रोमीटरला जी कसोटी लावायची तीच या चकतीला लावली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

गोळी नळीतून सुटली की त्या क्षणापासून खाली पडू लागते, त्यामुळे लक्ष्य जितके दूर तितकी नळी वर रोखावी लागते. ती किती वर रोखायची, हे चकती ठरवते. समजा, ७०० मीटरसाठी ८ मिलिरेडियन चढवायचे आहेत आणि दुर्बीण प्रत्यक्षात २ टक्के कमी सरकते. तूट ०.१६ मिलिरेडियनची, पण ७०० मीटरवर ती सुमारे ११ सेंटिमीटर होते. हरणाएवढ्या प्राण्याच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० ते २५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे मध्यावर धरलेला नेम वारा आणि नेमबाजाचा हात यांच्या चुका धरण्याआधीच त्या भागाच्या कडेला जातो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. जिथे ती कायदेशीर आहे, त्या अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत किंवा न्यूझीलंडमध्ये शिकारी सगळे सामान पाठीवर घेऊन चढतात आणि किलोभर वजनाच्या दुर्बिणीऐवजी त्याच्या निम्म्या वजनाची पसंत करतात. तिथे चकतीची ही दोन टक्क्यांची चूक एखाद्या प्राण्याला जखमी अवस्थेत जंगलात मरायला सोडू शकते.

चूक नेमकी कुठे शिरते, हे समजण्यासाठी दुर्बिणीच्या पोटात पाहावे लागेल. बाहेरच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते आणि तिच्यात उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगे बसवलेली असतात. ही आतली नळी मागच्या टोकाला बिजागरीसारखी टेकलेली असते. पुढच्या टोकाला एका बाजूने चकतीचा स्क्रू तिला दाबतो आणि समोरच्या बाजूने स्प्रिंग तिला त्या स्क्रूवर टेकवून धरते. पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर असेल, तर ०.१ मिलिरेडियनसाठी हे टोक जेमतेम ०.०२ मिलिमीटर सरकायला हवे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. स्क्रूच्या आट्यांमधला किंचित फरक, आट्यांतला ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, किंवा दमलेली स्प्रिंग यांपैकी काहीही क्लिकचे माप बिघडवायला पुरेसे असते. ३० किंवा ३४ मिलिमीटरऐवजी २५.४ मिलिमीटरची नळी वापरली की वजन उतरते, पण आतल्या नळीला हलायला जागाही कमी उरते, आणि सरकण्याच्या शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगचा जोर बदलल्याने मापाचा भरवसा घटतो. पातळ नळीवर दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या रिंगा जास्त आवळल्या तर नळीच दबते, आणि मग दोष विनाकारण दुर्बिणीला दिला जातो.

इथे दोन दोष वेगळे ओळखले पाहिजेत, कारण खरेदी करणारे बहुतेक जण ते एकच मानतात. प्रत्येक क्लिक सारखेच २ टक्के कमी पडत असेल, तर ते सुधारता येते: ८ मिलिरेडियन हवे असतील तेव्हा ८.१६, म्हणजे जवळच्या क्लिकला ८.२ लावायचे. पण वर जाताना एक माप, खाली येताना दुसरे, आणि परत शून्यावर आणल्यावर नेम मूळ जागी नाही, असे होत असेल तर कोणताही गुणक कामाला येत नाही. सातत्याने चुकणारी दुर्बीण मी स्वीकारीन, लहरी दुर्बीण स्वीकारणार नाही.

तपासणीसाठी रविवारची पहाट चांगली, कारण तेव्हा गाळ्यांमधल्या गल्ल्या रिकाम्या असतात आणि पत्रे व डांबर तापून हवा लहरू लागलेली नसते. बंदुकीवरून उतरवलेली दुर्बीण बिडाच्या जड अँगल प्लेटवर, म्हणजे काटकोनी आधारावर, घट्ट बांधावी. तिच्या पुढच्या भिंगापासून १०० मीटरवर मोठा फळा उभा करून त्यावर ओळंबा सोडावा आणि ओळंब्याच्या रेषेवर १० सेंटिमीटरच्या अंतराने खुणा कराव्यात. अंतर पोलादी टेपने मोजावे, पावलांनी नव्हे. १ मीटरची चूक म्हणजे सरळ १ टक्क्याची चूक, आणि मीटरऐवजी यार्ड धरले तर जवळजवळ ९ टक्क्यांची. चकती फिरवताना दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या फुलीची उभी रेषा ओळंब्याच्या दोरीवरून ढळता कामा नये. दुर्बीण १ अंशाने कललेली असेल, तर १० मिलिरेडियनच्या प्रवासात फुली सुमारे ०.१७ मिलिरेडियन बाजूला जाते.

जागेअभावी २५ मीटरवर भागवण्याचा मोह टाळावा. जवळच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून थोडी मागे पडते. साध्या भिंगाच्या हिशेबाने २० सेंटिमीटर नाभीय अंतराला २५ मीटरवर हा फरक ०.८ टक्के, तर १०० मीटरवर फक्त ०.२ टक्के येतो. जो दोष शोधायचा आहे, त्याचे माप २५ मीटरवरच्या या फरकाने बिघडेल.

निरोगी डोळा सुमारे १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखू शकतो. १० पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून १०० मीटरवर हे साधारण ३ मिलिमीटर होतात. एकूण प्रवास १० मिलिरेडियन, म्हणजे १०० मीटरवर १ मीटरचा असल्याने वाचनाची अनिश्चितता ०.३ टक्क्यांच्या आसपास राहते. हीच चाचणी गोळ्या झाडून केली आणि प्रत्येक गोळीचे उभे विचलन १ सेंटिमीटर धरले, तर पाच-पाच गोळ्यांच्या दोन गटांच्या मध्यांमधील अंतरात ०.६ सेंटिमीटरची अनिश्चितता उरते, म्हणजे दुप्पट. तरीही रेंजवरची चाचणी टाळता येत नाही, कारण गोळीच्या धक्क्याने आतली नळी जागची हलते का, हे अँगल प्लेट सांगू शकत नाही. हलक्या रायफलीवर तो धक्का अधिकच बसतो.

वाचने खालून वर घ्यावीत, मग वरून खाली, आणि प्रत्येक थांब्यावरचे वाचन वहीत लिहावे. दोन्ही दिशांच्या आकड्यांतला फरक म्हणजे त्या यंत्रणेचा प्ले. हा फेरा निदान तीनदा करावा, दर वेळी चकती शून्यावर आणून फुली सुरुवातीच्या खुणेवर टेकते का ते पाहावे, आणि तिसऱ्या वेळीही ती तिथेच टेकली तरच दुर्बीण पुन्हा रायफलीवर चढवावी.